रिकामी खुर्ची : चित्रपट महोत्सवाच्या परीक्षकांचा इतिहास, व्हेनिसपासून रत्नागिरीपर्यंत

१/
२४ मे २०२५. फ्रान्समधील कान येथे अठ्ठ्याहत्तराव्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा समारोप झाला आणि 'पाम दोर' हा तेथील सर्वोच्च सन्मान इराणचे दिग्दर्शक जाफर पनाही यांना जाहीर झाला. हा निर्णय देणाऱ्या नऊ परीक्षकांत मुंबईच्या पायल कपाडिया होत्या. वर्षभरापूर्वी त्याच ठिकाणी त्यांचा स्वतःचा चित्रपट परीक्षकांपुढे होता आणि त्या चित्रपटाचा उत्तरार्ध आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो.

२/
पुरस्कार कोणाला मिळाला हे आपण लक्षात ठेवतो. तो कोणी दिला हे मात्र सहसा विसरतो. हे परीक्षक असतात कोण? त्यांना नेमतो कोण? आणि नेमणाऱ्याचे मन राखायचे की समोरच्या चित्रपटाला न्याय द्यायचा, असा प्रसंग आला तेव्हा त्यांनी काय केले? आजचा #धागा या प्रश्नांविषयी. वाटेत तुकोबा, व्ही. शांताराम, गोवा आणि कोकण हे सारे भेटणार आहेत.

३/
प्रथम एक भेद स्पष्ट करू. महोत्सवात दोन प्रकारची माणसे निवाडा करतात. आलेल्या शेकडो चित्रपटांतून दाखवण्याजोगे कोणते हे ठरवते ती निवड समिती. त्यांतल्या स्पर्धेतील मोजक्या चित्रपटांमधून पुरस्कारास पात्र कोणते हे ठरवते ते परीक्षक मंडळ. स्पर्धेत काय आहे हे परीक्षकांच्या हाती नसते. जे ताटात वाढले आहे त्याचीच चव त्यांनी सांगायची. हा भेद ध्यानात ठेवा, पुढे गोव्यात तो कामास येईल.

४/
कानच्या मुख्य स्पर्धेचे उदाहरण घेऊ. अध्यक्ष धरून नऊ परीक्षक, साधारण वीस-बावीस चित्रपट आणि जेमतेम बारा दिवस. दिग्दर्शक, नट, लेखक असे निरनिराळ्या देशांचे लोक एकत्र बसतात. स्पर्धेतील चित्रपटाशी ज्याचा निर्मितीचा वा व्यवसायाचा संबंध आहे, त्याला परीक्षक होता येत नाही. निकाल लागेपर्यंत चित्रपटांविषयी जाहीर बोलायचे नाही. अखेरची बैठक बंद दाराआड होते. कोणी कोणासाठी भांडले, कोण अल्पमतात राहिले, हे बाहेर येत नाही. बाहेर येतो तो केवळ निकाल.

५/
ही रचना आज स्वाभाविक वाटते, पण ती एका दिवसात आलेली नाही. १९३२ मध्ये व्हेनिस येथे जगातला पहिला मोठा चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा परीक्षकच नव्हते. प्रेक्षकांचा कौल घेतला गेला. दोन वर्षांनी, १९३४ मध्ये, स्पर्धा आली आणि सर्वोच्च पारितोषिकाला नाव मिळाले 'मुसोलिनी चषक'. आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ प्रथम नेमले गेले ते १९३६ मध्ये. म्हणजे या संस्थेचा जन्मच हुकूमशहाच्या छायेत झाला.

६/
त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्या परीक्षकांपुढे एक मराठी चित्रपट आला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम'. डिसेंबर १९३६ मध्ये तो मुंबईत लागला आणि एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते. व्हेनिसच्या परीक्षकांनी त्याची विशेष नोंद घेतली. परदेशी महोत्सवात असा गौरव मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते.

७/
यातील विसंगती पाहा. चित्रपटात तुकोबा शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा नम्रपणे परत करतात. सत्तेकडून आलेले धन नाकारणाऱ्या संताची ही कथा ज्या सोहळ्यात वाखाणली गेली, त्या सोहळ्याच्या चषकावर मुसोलिनीचे नाव होते. भाषा न कळणाऱ्या परक्या परीक्षकांना देहूचा वाणी भावला, ही गोष्ट मात्र खरी.

८/
त्या गौरवाच्या कागदाचे पुढे काय झाले तेही ऐकण्याजोगे आहे. प्रभातच्या आवारात आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, म्हणजे एफटीआयआय, आहे. व्हेनिसचे ते मानपत्र मध्यंतरी गहाळ झाले होते. छायालेखक सनी जोसेफ यांना ते कचऱ्याच्या ढिगात सापडले. त्यांनी ते वर्षानुवर्षे जपले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या स्वाधीन केले. परीक्षकांचा निर्णय इतिहासात उरतो तो अशा एखाद्या कागदाच्या आधाराने, आणि तो कागद उरतो एखाद्या माणसाच्या जागरूकतेने.

९/
पुन्हा १९३७ कडे. त्याच वर्षी व्हेनिसला ज्याँ रन्वार यांचा 'ला ग्राँद इल्युजियाँ' हा युद्धविरोधी फ्रेंच चित्रपट होता. त्याला मुसोलिनी चषक मिळाला नाही, पण परीक्षकांनी कलात्मक गुणांसाठी वेगळे पारितोषिक देऊन त्याचा मान राखला. ही पळवाट होती आणि एका अर्थाने तो प्रतिकारही होता. वरून दबाव असताना परीक्षक काय करू शकतो, याचा हा सौम्य नमुना.

१०/
१९३८ मध्ये पळवाटही उरली नाही. सर्वोच्च पारितोषिक दोन चित्रपटांत विभागून गेले. एक होता लेनी रीफेनश्टाल यांचा नाझी जर्मनीतील 'ऑलिम्पिया' आणि दुसरा मुसोलिनीचा मुलगा व्हित्तोरिओ याच्या देखरेखीखाली झालेला इटालियन 'लुचानो सेर्रा, पिलोता'. फ्रेंच, ब्रिटिश आणि अमेरिकन प्रतिनिधी निषेध करून बाहेर पडले. निकाल आधीच ठरला असेल तर परीक्षकाने खुर्चीत बसायचे कशाला, हा प्रश्न प्रथमच इतक्या उघडपणे विचारला गेला.

११/
कान महोत्सवाची कल्पना त्या निषेधातून पुढे आली. १ सप्टेंबर १९३९ रोजी तो सुरू व्हायचा होता. नेमक्या त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि महोत्सव बारगळला. अखेर तो भरला १९४६ च्या सप्टेंबरात. आपल्याकडून चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' गेला होता आणि त्याला तेथील सर्वोच्च 'ग्राँ प्री' मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो.

१२/
एक बाब मात्र आपण सांगत नाही. त्या वर्षी 'ग्राँ प्री' एका चित्रपटाला नव्हे, अकरा चित्रपटांना मिळाली, आणि ते अकराही चित्रपट अकरा निरनिराळ्या देशांचे होते. परीक्षक मंडळात देशोदेशींचे प्रतिनिधी होते. युद्ध नुकतेच संपले होते, कोणालाही दुखवायचे नव्हते. परीक्षक तेव्हा रसिक असण्याआधी आपल्या राष्ट्राचा वकील होता. यामुळे 'नीचा नगर'चे मोल कमी होत नाही. पण पुरस्कार वाचताना परीक्षक मंडळाची घडण वाचली नाही, तर अर्धाच इतिहास हाती लागतो.

१३/
आता मुंबई. २४ जानेवारी १९५२ रोजी भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव येथे सुरू झाला. आयोजन फिल्म्स डिव्हिजनचे. त्यात स्पर्धा नव्हती, म्हणून परीक्षकही नव्हते. 'बायसिकल थीव्ह्ज', 'राशोमोन' असे चित्रपट भारतीय प्रेक्षकांनी आणि तरुण दिग्दर्शकांनी डोळे भरून पाहिले. अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून आले होते विख्यात दिग्दर्शक फ्रँक काप्रा. हे नाव लक्षात ठेवा.

१४/
तिकडे बर्लिनचा महोत्सव १९५१ मध्ये सुरू झाला, तोही परीक्षकांच्या प्रश्नाशी झगडतच. पहिल्या वर्षी केवळ जर्मन परीक्षक होते. पुढची चार वर्षे प्रेक्षकांच्या मतांवर पारितोषिके दिली गेली. १९५६ पासून आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ आले. १९५८ मध्ये त्या मंडळाच्या अध्यक्षपदी होते तेच फ्रँक काप्रा, आणि त्यांच्यापुढे आला व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ'.

१५/
या चित्रपटाची मुळे महाराष्ट्राच्या मातीतली. औंध संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची खुली वसाहत उभी राहिली होती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींविना, विश्वासाच्या बळावर सुधारण्याचा तो प्रयोग. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली. शांतारामांनी ती पडद्यावर आणली आणि जेलरची भूमिकाही स्वतःच केली.

१६/
त्या वर्षी बर्लिनचे सर्वोच्च सुवर्ण अस्वल इंगमार बर्गमन यांच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला गेले. शांतारामांच्या चित्रपटाला परीक्षकांचे विशेष रौप्य अस्वल मिळाले. सामान्य माणसातल्या चांगुलपणावर आयुष्यभर चित्रपट काढणारा काप्रा अध्यक्ष असताना, कैद्यांवर विश्वास ठेवणाऱ्या जेलरची कथा गौरवली गेली. परीक्षक कोण आहे याला महत्त्व असते ते असे. तो आपली सारी घडण सोबत घेऊन अंधारात बसतो.

१७/
भारतात स्पर्धा आली ती १९६५ मध्ये, दिल्लीच्या महोत्सवात. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सत्यजित राय. पहिला सुवर्ण मयूर कोणाला मिळाला? श्रीलंकेच्या लेस्टर जेम्स पेरीस यांच्या 'गम्पेरलिय'ला. यजमान देश भारत, अध्यक्ष भारतीय, आणि सन्मान शेजारच्या लहान देशाला. कानच्या १९४६ शी ताडून पाहा. एकोणीस वर्षांत परीक्षक राष्ट्राच्या वकिलाकडून रसिक न्यायाधीशाकडे केवढा सरकला होता हे कळेल.

१८/
परंतु ही वाटचाल सरळ नव्हती. १९७० च्या बर्लिन महोत्सवात मिखाएल फरहोवेन यांचा 'ओ. के.' हा जर्मन चित्रपट स्पर्धेत होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी केलेल्या एका अत्याचारावर तो आधारलेला होता. अध्यक्ष होते अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स. चित्रपट स्पर्धेत ठेवावा की नाही यावरून मंडळ फुटले आणि अखेर साऱ्यांनी राजीनामे दिले. स्पर्धाच गुंडाळली गेली. त्या वर्षी बर्लिनमध्ये एकही अस्वल कोणाला मिळाले नाही.

१९/
निर्णय न देणे हाही परीक्षकाचा अधिकार असतो का? एकांकिका करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नाही. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी कोणताच संघ करंडकास पात्र ठरवला नाही, तेव्हा केवढी चर्चा उसळली ते आठवा. एका बाजूस रात्रंदिवस तालमी केलेल्या मुलांचा हिरमोड, दुसऱ्या बाजूस करंडकाची प्रतिष्ठा. दोन्ही बाजूंना वजन होते. नाकारण्याचा हक्क नसलेला परीक्षक केवळ बक्षीस वाटणारा पाहुणा ठरतो. मात्र तो हक्क वापरणाऱ्याने त्याची किंमतही ओळखायला हवी.

२०/
आता परीक्षकांच्या एका वेगळ्याच जातीकडे वळू. बर्लिनमध्ये मुलांसाठीच्या चित्रपटांचा निवाडा मुलेच करतात. शाळकरी वयाची मुले परीक्षक म्हणून बसतात आणि स्फटिकाचे अस्वल देतात. २०१४ मध्ये त्यांनी ते दिले अविनाश अरुण यांच्या 'किल्ला' या मराठी चित्रपटाला. वडील गेलेले, आईची कोकणात बदली झालेली, आणि अकरा वर्षांचा चिन्मय पावसाळी किनाऱ्यावर नवे मित्र शोधतो आहे.

२१/
बर्लिनच्या मुलांना ना तलाठी ठाऊक, ना तहसील कचेरी, ना आमचा आषाढातला पाऊस. पण नव्या शाळेतला पहिला दिवस आणि मित्राने एकटे सोडून जाणे त्यांना ठाऊक होते. परीक्षकाला विषयाचे ज्ञान हवे की अनुभवाची सच्चाई, या जुन्या वादात 'किल्ला'चे ते अस्वल एक भक्कम साक्ष आहे. व्हेनिसमध्ये तुकोबांच्या बाबतीत जे घडले, त्याचेच हे धाकटे रूप म्हणता येईल.

२२/
आंतरराष्ट्रीय महोत्सव परीक्षक कोठून निवडतात? बहुधा कालच्या स्पर्धकांतून. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या 'ओरिझोंती' विभागात सर्वोत्तम चित्रपटाचा सन्मान मिळाला. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, ते त्याच विभागाच्या परीक्षक मंडळात बसले. न्यायालयाच्या निष्ठुर संथपणावर चित्रपट करणारा तरुण स्वतः निवाडा करायला बसला. 'संत तुकाराम'नंतर जवळपास ऐंशी वर्षांनी व्हेनिसला मराठी माणूस मेजाच्या दुसऱ्या बाजूला होता.

२३/
आता आपल्या शेजारी, गोव्यात. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, पणजीत भरतो. त्यातील 'इंडियन पॅनोरमा' विभागासाठी भारतीय चित्रपट निवडणारे एक स्वतंत्र परीक्षक मंडळ असते. २०१७ मध्ये त्या मंडळाचे अध्यक्ष होते दिग्दर्शक सुजॉय घोष आणि एकूण सदस्य तेरा. त्यांनी या विभागाच्या उद्घाटनासाठी निवडला रवी जाधव यांचा मराठी चित्रपट 'न्यूड'. कलाशाळेत चित्रकारांसमोर बसून उपजीविका करणाऱ्या स्त्रीची ती कथा.

२४/
अंतिम यादी जाहीर झाली तेव्हा तीत 'न्यूड' नव्हता आणि सनल कुमार शशिधरन यांचा मल्याळम चित्रपट 'एस. दुर्गा'ही नव्हता. माहिती व प्रसारण मंत्रालयाने दोन्ही वगळले होते. 'न्यूड' अपूर्ण होता व त्याला प्रमाणपत्र नव्हते, असा खुलासा शासकीय बाजूने पुढे आला. निवड ज्यांनी केली त्या परीक्षकांना मात्र विचारले गेले नव्हते. सुजॉय घोष यांनी अध्यक्षपद सोडले. अपूर्व असरानी आणि ज्ञान कोरिया हे सदस्यही बाहेर पडले.

२५/
'एस. दुर्गा' केरळ उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला. परीक्षकांनी तो पुन्हा पाहिला आणि ७ विरुद्ध ४ असा कौल त्याच्या बाजूने दिला. तरीही शीर्षकाच्या वादातून प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहिला आणि महोत्सवात तो दाखवला गेला नाही. येथे लक्षात घ्या, सोडून जाणारे परीक्षक आणि राहून मत देणारे परीक्षक, दोघांनीही आपापल्या परीने मंडळाचा शब्द राखायचा प्रयत्न केला. व्हेनिसच्या १९३७ आणि १९३८ मधल्या दोन वाटा पणजीत एकाच आठवड्यात दिसल्या.

२६/
'न्यूड'चे पुढे काय झाले? २०१८ च्या आरंभी सेन्सॉर मंडळाच्या विशेष समितीने एकही काटछाट न सुचवता त्याला 'ए' प्रमाणपत्र दिले आणि एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाला. त्या समितीच्या प्रमुख होत्या विद्या बालन. २०१३ मध्ये कानच्या परीक्षक मंडळात स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली त्याच विद्या बालन बसल्या होत्या.

२७/
पाच वर्षांनी पुन्हा पणजी. २८ नोव्हेंबर २०२२, इफ्फीचा समारोप. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे परीक्षक अध्यक्ष, इस्रायलचे दिग्दर्शक नादाव लापिड यांनी मंचावरूनच सांगितले की स्पर्धेतल्या पंधरापैकी एक चित्रपट, 'द कश्मीर फाइल्स', त्यांना प्रचारपट वाटला आणि तो या स्पर्धेत असावयास नको होता. सभागृहात मंत्री होते, कलावंत होते. वादळ उठले.

२८/
विस्थापित काश्मिरी पंडितांच्या वेदनेचा हा अवमान आहे, असे अनेकांनी म्हटले. भारतातील इस्रायलच्या राजदूतांनीही लापिड यांच्यावर जाहीर टीका केली. मंडळातील भारतीय सदस्य सुदीप्तो सेन यांनी ते अध्यक्षांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगितले. उरलेले तीन परदेशी परीक्षक काही दिवसांनी अध्यक्षांच्या बाजूने उभे राहिले. पीडितांचे आप्त दुखावले असतील तर क्षमस्व, चित्रपटाविषयीचे मत मात्र कायम, अशी भूमिका लापिड यांनी घेतली.

२९/
लापिड बरोबर की चूक, यावर मित्रांत वाद होतीलच. इतिहासाचा विद्यार्थी वेगळे प्रश्न विचारतो. परीक्षकाने बोलायचे ते निकालातून की मंचावरूनही? स्पर्धेत काय असावे यावर परीक्षकाला मत देता येते का? (तिसऱ्या पोस्टमधला भेद आठवा.) अध्यक्षांचे वाक्य हे मंडळाचे वाक्य असते का? बंद दाराआडची शिस्त परीक्षकाला दबावापासून वाचवते, आणि तीच शिस्त कधी त्याचे तोंडही बांधते. गोव्यात या दोहोंची टक्कर झाली.

३०/
आता रत्नागिरी. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटात मुंबईच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या तीन स्त्रिया आहेत. त्यांतली पार्वती ही गिरणी कामगाराची विधवा. हाती कागदपत्र नसल्यामुळे तिचे राहते घर जाते आणि ती गावी परतते, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. पार्वतीची भूमिका केली आहे छाया कदम यांनी. 'न्यूड'मध्येही त्या होत्या.

३१/
कोकणातल्या कोणत्या घराने हा प्रवास पाहिलेला नाही? आजोबा गिरणीत, काका गोदीत, गणपतीला चाकरमान्यांची बोट आणि नंतर एस. टी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि अनेकांची पावले गावाकडे वळली. त्या इतिहासाची अखेरची ओळ असलेली एक बाई २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत पोहोचली. तीस वर्षांत त्या स्पर्धेत आलेला हा पहिला भारतीय चित्रपट. ग्रेटा गर्विग यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने त्याला 'ग्राँ प्री', म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान, दिला.

३२/
त्याच वर्षी भारतात दुसऱ्या एका मंडळापुढे हा चित्रपट आला. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या तेरा सदस्यांच्या मंडळात एकही स्त्री नव्हती. त्यांनी 'लापता लेडीज' निवडला. कपाडिया यांचा चित्रपट भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला, असे मंडळाचे मत फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले. रत्नागिरीची पार्वती कुणाला युरोपीय वाटावी, याचे आम्हा कोकणकरांना नवल वाटले. 'लापता लेडीज' चांगला नाही असे येथे मुळीच म्हणायचे नाही. त्यातली मंजू माई कोणी साकारली? छाया कदम यांनीच.

३३/
एकच चित्रपट, दोन मंडळे, दोन निर्णय. यावरून एक मंडळ शहाणे आणि दुसरे अडाणी असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो घाईचा ठरेल. दोघांपुढे प्रश्नच वेगळे होते. कानच्या मंडळाने विचारले, चित्रपट म्हणून हा कसा आहे? फेडरेशनच्या मंडळाने विचारले, हा भारताचे प्रतिनिधित्व करतो का? म्हणजे १९४६ चा राष्ट्राचा वकील अजून निवृत्त झालेला नाही. फक्त त्याची कचेरी बदलली आहे.

३४/
आता सुरुवातीच्या त्या निकालाकडे. जाफर पनाही यांना २०१० मध्ये इराणमध्ये अटक झाली. त्या वर्षी कानने त्यांना परीक्षक म्हणून नेमले होते. ते येऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांच्या नावाची खुर्ची मंचावर रिकामी ठेवण्यात आली. आपले शेखर कपूर त्या वर्षी परीक्षक होते. सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार घेताना ज्युलिएत बिनोश यांनी पनाही यांच्या नावाचा फलक हाती धरला होता.

३५/
पंधरा वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच बिनोश परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मंडळात पायल कपाडिया होत्या. २०१५ मध्ये एफटीआयआयमध्ये अध्यक्षाच्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेल्या १३९ दिवसांच्या संपात त्याही होत्या. नेमणूक कोण करतो आणि का करतो, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्या मंडळाने 'पाम दोर' दिले पनाही यांच्या 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट'ला, आणि ते स्वीकारायला पनाही स्वतः हजर होते.

३६/
या साऱ्यातून काय हाती येते? परीक्षकाला कोणीतरी नेमतच असते. हुकूमशहा, सरकार, महोत्सवाचे संचालक, कोणीतरी. नेमणूक पूर्णपणे स्वतंत्र असेल अशी अपेक्षा इतिहासाला धरून नाही. प्रश्न नेमणुकीनंतरचा आहे. ज्याने खुर्ची दिली त्याला 'नाही' म्हणता येते का? १९३८ च्या व्हेनिसमध्ये काहींनी ते म्हटले. १९६५ च्या दिल्लीत तशी वेळच आली नाही. २०१७ च्या पणजीत ते म्हणायला राजीनामे द्यावे लागले. पुरस्काराचे वजन धातूत नसते, या 'नाही'च्या शक्यतेत असते.

३७/
म्हणून मित्रहो, पुढे एखाद्या चित्रपटाच्या फलकावर पारितोषिकांची पाने दिसली की दोन गोष्टी शोधून पाहा. परीक्षक मंडळात कोण होते? आणि त्या वर्षी त्यांच्यावर कोणाची सावली होती? तुमच्या महाविद्यालयाच्या एकांकिका स्पर्धेलाही हे प्रश्न तितकेच लागू आहेत. तुम्हाला आठवणारा, परीक्षकांनी कोणाचीही भीड न बाळगता दिलेला एखादा निकाल असेल तर खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.